नाव खरवडताना

केकवर नाव मी पहाटेच घातलं होतं,
जांभळ्या क्रीमने, हात न थरथरता.
रेनर हॅल्ब्रुक. आडनाव लांब,
शेवटचं अक्षर कडेवरून घसरायला आलेलं.
तेव्हाच ओळखायला हवं होतं,
असं आता सगळे म्हणतात.

एल्डन फोर्कच्या छोट्या धावपट्टीवर एक्केचाळीस माणसं.
डिसेंबरातला मंगळवार, वारा असा
की कुंपणाची तार एकसुरात गुणगुणत होती.
शाळा बुडवून आलेली पोरं,
दवाखान्याच्या निळ्या कपड्यांतच धावत आलेली मार्व्हा,
आणि निवृत्त गणित-मास्तर केल्स्टाड,
फोनवरचा एक ठिपका
ओंजळीतल्या निखाऱ्यासारखा जपत.

'नदी ओलांडली,' मास्तर म्हणाले.
टाळ्या.
'अजून चाळीस मिनिटं.'
कुणीतरी थर्मासमधली कॉफी झाकणातून वाटली.
आमच्या संघाचं चिन्ह बगळा,
आणि आम्ही खरंच तसेच उभे होतो,
गारठ्याने एक पाय वर, मग दुसरा,
नजर तेवढी जागची हलत नव्हती.

मग ठिपका वळला.
आधी वाटलं, वाऱ्यामुळे.
मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
मासे धरायच्या गळासारखा आकडा काढून
ठिपका आल्या वाटेने निघाला होता.
मार्व्हाच्या टोबिनने विचारलं,
'ते काही विसरलेत का?'
त्याला उत्तर द्यायला
एकाही मोठ्या माणसाचं तोंड उघडेना.

हे तिसरं स्थळ.
पहिल्याला आमचं मैदान लहान वाटलं,
दुसऱ्याच्या बायकोला आमचा हिवाळा मोठा.
याने तर होकार दिला होता,
तळ्याकाठचं घर पाहून पसंत केलं होतं,
मुलींच्या शाळेची चौकशीसुद्धा.

संध्याकाळी निवेदन आलं, चार ओळींचं:
कुटुंब, प्रार्थना, अपुरं राहिलेलं काम, आभार.
तिकडे पगार किती वाढला
ते पाचव्या ओळीत असतं,
आणि पाचवी ओळ कधीच छापत नाहीत.

दुकान बंद करायची वेळ टळून गेली तरी
माणसं येतच राहिली. विकत कुणी काही घेईना.
क्रीडा संचालकाला हाकला, एक म्हणाला.
देणगीदारांना हाकला, दुसरा.
सकाळी ज्याने हॅल्ब्रुकच्या बचावफळीवर तासभर प्रवचन दिलं
तोच आता सांगत होता, मला तो माणूस पहिल्यापासून पटला नव्हता.
डेलमार ओट्सने वर्षभराचं तिकीट जाळायची शपथ घेतली.
गेली एकोणीस वर्षं घेतोय.
तिकीट अजून त्याच्या वडिलांच्या नावावर आहे,
आणि शेजारची खुर्ची तो
दर शनिवारी आपल्या कोटासाठी अडवतो.

मी पातळ सुरी गरम पाण्यात बुडवली
आणि नाव खरवडायला घेतलं.
जांभळा रंग पांढऱ्यात पसरला,
मार लागल्यानंतर दुसऱ्या दिवशी दिसतो तसा.
अक्षरं गेली. त्यांचे दाब राहिले.
तिरप्या उजेडात अजून वाचता येत होतं सगळं.

टोबिन काउंटरवर हनुवटी टेकून पाहत होता.
खरवडलेलं आडनाव मी त्याला चमच्यात दिलं.
त्याने अख्खं खाल्लं, जीभ दाखवली, जांभळी.
पहिल्यांदाच कुणीतरी हसलं,
आणि मग ते हसू थोडं जास्तच लांबलं,
मार्व्हाने डोळे पुसेपर्यंत.

साडेनऊला मास्तर उठले. दारातच थांबले.
फोन पुन्हा त्यांच्या ओंजळीत.
'उत्तरेकडून एक निघालंय,' ते म्हणाले,
'लहान विमान. इकडेच तोंड आहे.'
औषधं आणणारं असेल, मी म्हटलं.
टपालाचं असेल.
'असेल,' ते म्हणाले, आणि दार धरून तसेच उभे,
थंडी आत येत होती तरी
कुणी त्यांना दार लावा म्हणेना.

मी क्रीमची पिशवी उचलून पाहिली.
उरलं होतं थोडं.
फक्त आडनाव आखूड असू दे.